कासवाने खाणं टाकलं? आधी पाण्यात थर्मामीटर घाला

प्रश्न : आम्ही सिंहगड रोडला राहतो. मुलाच्या हट्टामुळे तीन वर्षांपूर्वी कासव आणलं, आता ते तळहाताएवढं झालंय. रोज दुकानातले दाणे आणि सुकी कोळंबी देतो, मधूनच पोळीचा तुकडा. घरी आम्ही सगळे शाकाहारी आहोत. दिवाळीनंतर त्याचं खाणं कमी होत गेलं. आता दहा-बारा दिवस ते काहीच खात नाही, शी जवळजवळ बंद आहे आणि डोळे सुजल्यासारखे दिसतात. बाल्कनीत टबात ठेवलंय, तळाला रंगीत खडे आहेत. पोट साफ व्हायला काय द्यावं? एकूणच आहार कसा असावा?

उत्तर : पोट साफ व्हायला आत्ता काहीही देऊ नका. एरंडेल नको, इसबगोल नको, ग्राइप वॉटर तर नकोच. आज मत्स्यालयाच्या दुकानातून एक साधा थर्मामीटर आणा आणि टबातल्या पाण्याचं तापमान रात्री झोपताना एकदा आणि पहाटे उठल्यावर एकदा बघा. पहाटे ते १८ अंशांच्या आसपास किंवा त्याहून खाली भरलं तर मला नवल वाटणार नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा रात्री १० अंशांवर, कधी त्याच्याही खाली येतो आणि बाल्कनीतल्या प्लॅस्टिकच्या टबातलं थोडंसं पाणी पहाटेपर्यंत पार गारठतं.

दुकानांत सर्रास मिळणारं हे कासव म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर तेच. त्याचं मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात. त्याला पाणी २४ ते २७ अंशांचं लागतं आणि अंग शेकायला पाण्याबाहेर ३० ते ३४ अंशांची कोरडी जागा लागते. आहाराच्या प्रश्नावर मी तापमानापासून सुरुवात करतेय याचं कारण सरळ आहे. आपलं शरीर उष्णता आतून तयार करतं, कासवाला ती बाहेरून घ्यावी लागते. पाचकरस, आतड्यांची हालचाल, आतड्यांतल्या जिवाणूंचं काम, सगळं त्या उष्णतेवर चालतं. पाणी थंड झालं की आतडी मंदावतात आणि भूक मरते. अशा वेळी कासव खात नाही हे त्याच्या हिताचंच आहे, कारण गारठलेल्या पोटात गेलेलं अन्न पचत नाही, आत पडून कुजतं आणि वायू धरतो. म्हणून चोच उघडून भरवायचा प्रयत्न कृपा करून कोणी करू नका. कासवाला दात नसले तरी चोच कडक असते, जबरदस्तीत ती तुटते, जबडा दुखावतो आणि अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं.

क्रम असा ठेवा : आधी ऊब, मग पाणी, अन्न सगळ्यात शेवटी. आजच्या आज टब घरात घ्या. थर्मोस्टॅट असलेला मत्स्यालयाचा हीटर बसवा. दर लिटरमागे साधारण एक वॅट असा हिशेब धरला तर ५० लिटर पाण्याला ५० वॅटचा पुरतो, थंड खोलीत थोडा वरचा घ्या. हीटरवर प्लॅस्टिकची जाळी हवीच. कासव त्याला धडका देतं, काच फुटते आणि पाण्यात वीज उतरते. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा, मुलाला तर नक्कीच. तापमान एका दिवसात झपकन चढवू नका, दोन-तीन दिवसांत हळूहळू आणा.

त्याच्या जोडीला रोज अर्धा तास कोमट पाण्यात बसवा. वेगळा पसरट टब, पाणी २८ ते ३० अंश, आणि उंची एवढीच की कवच निम्मं बुडेल आणि मान न ताणता नाक वर राहील. अशक्त झालेलं कासव खोल पाण्यात बुडून मरू शकतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. या शेकात बरीच कासवं शी करतात. ती टाकून देण्याआधी नीट बघा, शक्यतो पांढऱ्या ट्रेमध्ये. निरोगी शी गडद हिरवी-तपकिरी, आकार धरलेली, बोटात धरता येईल इतपत घट्ट असते. तिच्यासोबत पांढरट, चिकट किंवा खरखरीत असा भाग वेगळा पडतो. ते लघवीतले क्षार आहेत, त्याला जंत समजून घाबरू नका. हाच पांढरा भाग हिरवट-पिवळा दिसला तर मात्र यकृतावर ताण आलाय किंवा उपासमार बरीच झालीय असं समजा. शीमध्ये श्लेष्मा, रक्त, न पचलेले दाणे किंवा खडे दिसले तर फोटो काढून ठेवा.

आता तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टींची मला जास्त काळजी वाटते आणि त्यासाठी दोन-तीन दिवसांत सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे जायलाच हवं.

पहिली म्हणजे डोळे. नुसत्या सुक्या कोळंबीवर आणि जुन्या, उघड्या पाकिटातल्या दाण्यांवर वाढलेल्या कासवांमध्ये अ जीवनसत्त्वाची कमतरता नेहमी दिसते. डोळ्यांभोवतीच्या ग्रंथींचं अस्तर जाड होतं, पापण्या फुगतात, पुढे डोळा मिटूनच जातो. कासव अन्न बघून खातं. दिसलं नाही की खाणं थांबतं, खाणं थांबलं की कमतरता वाढते. हेच अस्तर श्वसनमार्गात आणि कानातही बिघडतं, म्हणून अशा कासवांना न्यूमोनिया आणि कानाच्या जागी टणक गळू होण्याची शक्यता जास्त. यावर घरी औषधाच्या दुकानातली अ जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून देऊ नका. या जीवनसत्त्वाचा डोस जास्त झाला तर कासवाची कातडी सोलवटून निघते आणि ते बरं करणं मूळ आजारापेक्षा अवघड जातं. डोस वजनावर काढावा लागतो.

दुसरी गोष्ट खडे. टबाच्या तळाशी रंगीत खडे घालून विकायची पद्धत पडलीय आणि मला ती मुळीच पसंत नाही. कासव तळाचं अन्न चोचीने ओढताना खडे गिळतं, कधी नुसतं कुतूहलाने गिळतं. एक-दोन बारीक खडे निघून जातात, पण थंडीने आतडी सुस्त असतील तर ते एकाच ठिकाणी साचतात. एक्स-रेमध्ये ते लख्ख पांढरे दिसतात, कवचाच्या मागच्या बाजूला अख्खा पुंजका. रोजचा शेक आणि ऊब देऊन बरेचदा ते खाली सरकतात, काही वेळा शस्त्रक्रिया करावी लागते. आज खडे काढून टाका. तळ मोकळा ठेवला तरी कासवाचं काही अडत नाही, उलट साफसफाई सोपी होते. सजावट हवीच असेल तर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे, गुळगुळीत गोटे घाला. त्याच एक्स-रेमध्ये मादीच्या पोटातली अंडीही दिसतात. मादी नराशिवायही अंडी धरते आणि ती अडकली तर लक्षणं अशीच : खाणं बंद, अस्वस्थपणा, कुंथणं. तुमचं कासव अजून लहान आहे, पण शेपूट आखूड आणि पुढची नखंही आखूड असतील तर ती मादी असू शकते हे ध्यानात राहू द्या.

आता आहार. तुमच्या शाकाहाराबद्दल आधी बोलते, कारण पुण्यात हा प्रश्न मला सतत विचारला जातो आणि विचारणारे अगदी मनापासून विचारतात. घरात कासव म्हणजे कूर्मावतार, देवळात गाभाऱ्यासमोर कासव, म्हणून नैवेद्याचा पेढा आणि साबुदाण्याची खिचडीसुद्धा त्याच्या टबात पडलेली मी पाहिलीय. भावना समजते, पण पोट वेगळं आहे. स्लायडर लहानपणी बहुतांशी मांसाहारी असतो : किडे, अळ्या, बारीक मासे, गोगलगायी. मोठा होत जातो तशी त्याची वनस्पतींकडे ओढ वाढते आणि पूर्ण वाढलेल्याचा निम्म्याहून अधिक आहार हिरवा असायला हरकत नसते. म्हणजे लहान पिल्लाला नुसती भाजी दिली तर त्याची वाढ खुंटते, कवच मऊ पडतं. मोठ्याला रोज मांस दिलं तर यकृतावर चरबी चढते आणि मूत्रपिंडांना त्रास होतो. घरात मासे-मांस आणायचं नसेल तर चांगल्या प्रतीचे कासवांचे दाणे हा मधला मार्ग आहे. त्यात माशाची पूड असते, पण तुम्हाला काही कापावं-शिजवावं लागत नाही. तेवढंही चालणार नसेल तर मी स्पष्ट सांगते, हा प्राणी त्या घरासाठी नाही.

दाणे घेताना पाकिटावर तीन गोष्टी बघा : घटकांत माशाची पूड सुरुवातीला आहे का, कॅल्शियम आणि अ, ड३ जीवनसत्त्वं लिहिली आहेत का, आणि मुदत. सुटे, बरणीतून मोजून दिलेले दाणे घेऊ नका. मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून घेऊन वर्षभर पुरवू नका, उघडल्यावर जीवनसत्त्वं कमी होत जातात. दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सुकी कोळंबी हा खाऊ आहे, जेवण नाही. वासाला जबर असल्याने कासव तिच्यावर तुटून पडतं, म्हणून दुकानदार तीच पुढे करतात. महिन्यातून दोन-चारदा, बस.

ज्यांना चालतं त्यांच्यासाठी : गांडूळखतातली गांडुळं उत्तम, मात्र रासायनिक औषधं मारलेल्या बागेतली नकोत. गोड्या पाण्यातले बोटाएवढे मासे काट्यासकट द्यावेत, काट्यातच कॅल्शियम असतं. ताजी कोळंबी सालासकट चालते. बोनलेस चिकन मात्र कासवासाठी निकृष्ट अन्न आहे. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावालाच. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट हवं. ते उलटं झालं की शरीर स्वतःच्या हाडांतून आणि कवचातून कॅल्शियम काढून घेतं. कवचाची कड बोटाने हलके दाबून बघा. या वयात ती नखासारखी कडक लागली पाहिजे. दबली, लवचीक वाटली तर पशुवैद्याला आवर्जून सांगा. खारवलेले सुके बोंबील, सुकट, जवळा टाळा, त्यातलं मीठ कासवाला झेपत नाही. दूध, पनीर, बिस्कीट, पाव, भात, पोळी हे सगळं बंद. पोळीने लगेच काही होत नाही, म्हणूनच लोक देत राहतात. पण ती आतड्यात आंबते, पाणी घाण करते आणि पोट भरल्याने कासव गरजेचं अन्न सोडतं.

भाजीच्या बाबतीत परदेशी याद्या वाचून लोक डँडेलियन शोधत हिंडतात. काही गरज नाही, मंडईत आणि आपल्या सोसायटीत सगळं आहे. शेवग्याचा पाला कॅल्शियमने भरलेला असतो. जास्वंदीची पानं आणि फुलं कासवं चवीने खातात. तुतीची कोवळी पानं, कोथिंबीर, मुळ्याचा पाला, लेट्यूस, किसलेलं गाजर, लाल भोपळ्याचा किस चालतो. गाजर-भोपळ्यातल्या केशरी रंगद्रव्यातून अ जीवनसत्त्व मिळायला मदत होते. पालक, चाकवत, राजगिरा, माठ, घोळ यांत ऑक्झलेट जास्त, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. कधीतरी एखादं पान ठीक, रोज नको. कोबी-फ्लॉवरही रोजचा नको. फळ म्हणजे पंधरा दिवसांतून पपईचा किंवा सफरचंदाचा नखाएवढा तुकडा, त्याहून जास्त दिलं की शी पातळ होते. घरातला मनी प्लांट, डिफेनबेकिया, अळू टबापासून लांब ठेवा.

मला सगळ्यात आवडतो तो अझोला, म्हणजे पाण्यावर वाढणारी बारीक पानांची वनस्पती. गायी-म्हशींना खाद्य म्हणून शेतकरी तो खड्ड्यात वाढवतात, त्यामुळे बियाण्यापुरता मूठभर मिळवणं अवघड नाही. बाल्कनीत एका पसरट घमेल्यात अर्धवट उन्हात तो झपाट्याने पसरतो. प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही देतो, पाण्यावर तरंगतो, कासव दिवसभर थोडं थोडं चरतं. ते चरणं त्याच्या पोटाला आणि मनालाही बरं. एक विनंती, मुळा-मुठेतली किंवा पाषाण-कात्रज तलावातली जलपर्णी आणि शेवाळ आणून घालू नका. सांडपाण्यावर वाढलेली असते ती.

हट्टी कासव भाजीला तोंड लावत नाही, तेव्हा लोक चार दिवसांत हार मानतात. सकाळी, ऊब मिळाल्यावर, भूक असताना आधी पाला द्या, दाणे संध्याकाळी. पानं बिनमिठाच्या कोळंबीच्या पाण्यात बुडवून दिली तर वासाने पकडतात. शाकाहारी घरात भिजवलेल्या दाण्यांचं पाणी चालेल. महिना-दोन महिने लागू शकतात. ऊब असलेलं, अंगाने भरलेलं कासव काही दिवस उपाशी राहिल्याने मरत नाही, त्यामुळे मन घट्ट करा. हे अर्थातच तुमचं कासव बरं झाल्यावर. आत्ता ते जे खाईल ते द्या.

किती आणि कधी? दाणे त्याच्या डोक्याच्या आकाराएवढे, एका वेळी. पिल्लांना रोज, तुमच्या कासवाच्या वयाला एक दिवस आड, पूर्ण वाढलेल्याला आठवड्यातून दोन-तीनदा, पाला मात्र रोज. कासव काचेशी येऊन पाय मारतं, तोंड वर करतं, म्हणजे भूक लागली असं नाही. माणूस दिसला की खाऊ मिळतो हे त्याला कळलेलं असतं. पाय आत घेतल्यावर मांडीजवळ मांसाची वळकटी बाहेर राहत असेल तर ती चरबी आहे, खाणं कमी करा. अन्न पाण्यातच द्या, पाण्याशिवाय स्लायडरला घास गिळता येत नाही. वेगळ्या टबात, त्याच तापमानाच्या पाण्यात भरवलं तर मुख्य टब स्वच्छ राहतो. पंधरा-वीस मिनिटांत उरलेलं काढून टाका.

कॅल्शियमसाठी समुद्रफेन आणा. पक्ष्यांच्या दुकानात मिळतो, मंडईच्या आसपास काष्ठौषधीवाल्यांकडेही विचारा. मागची कडक पापडी काढा आणि तुकडा पाण्यावर तरंगत सोडा. लागेल तेवढा ते कुरतडतं. पानाचा खायचा चुना पाण्यात टाकायचा सल्ला काही जण देतात, तो अजिबात ऐकू नका. चुन्याने पाणी क्षारयुक्त होऊन डोळे आणि कातडी भाजते.

पण कॅल्शियम पोटात जाऊन उपयोग नाही, ते आतड्यातून शोषलं जायला ड३ जीवनसत्त्व लागतं आणि ते कातडीत उन्हातल्या यूव्ही-बी किरणांनी तयार होतं. हे किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत. सरकत्या खिडकीच्या आत ऊन खाणाऱ्या कासवाला फक्त ऊब मिळते. बाल्कनीला कबुतरांची जाळी असेल तर उत्तमच, ऊन येतं आणि कावळे-घारी येत नाहीत. सकाळी नऊनंतर वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून चार-पाच वेळा, टबाच्या निम्म्या भागावर सावली ठेवून, आणि कुणीतरी शेजारी बसून. उन्हाळ्यात विसरून ठेवलेल्या टबात कासव तासाभरात उष्माघाताने जातं. ऊन मिळत नसेल तर यूव्ही-बी दिवा घ्यावा लागेल. तो प्रकाश देत राहिला तरी त्यातले हे किरण कमी होत जातात, म्हणून सहा महिने ते वर्षभरात बदलावा.

जंतांबद्दल थोडक्यात. थोडे जंत बऱ्याच कासवांत असतात आणि त्रास देत नाहीत. शी तपासल्याशिवाय जंताचं औषध देऊ नका. आणि आयव्हरमेक्टिन तर कधीच नाही. कुत्र्या-गुरांना सर्रास दिलं जाणारं हे औषध कासवाला लकवा आणून मारतं. दुसऱ्या कुणी लिहून दिलं तरी घरी आणण्याआधी हे त्यांच्या कानावर घाला.

काही लक्षणं दिसली तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी निघा. पोहताना एका अंगावर कलणं हे बरेचदा फुफ्फुसाचं दुखणं असतं, मागचा भाग फुग्यासारखा वर तरंगणं हे पोटातल्या वायूचं. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकातून फुगे, शीच्या जागेतून लालसर मांस बाहेर येणं. शेवटच्या बाबतीत तो भाग ओला ठेवा, साखरेच्या घट्ट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं लावा, आत ढकलू नका. नराचं काळपट-जांभळं इंद्रिय क्षणभर बाहेर येऊन आत जातं, ते नैसर्गिक आहे. बाहेरच राहिलं तर तीही तातडीच.

घरात लहान मूल आहे म्हणून हेही सांगते. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या शीतूनही माणसाला जुलाब-ताप आणणारे साल्मोनेला जिवाणू बाहेर पडतात. त्याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. टबाचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका, टबाचा ब्रश वेगळा ठेवा, हात लावल्यावर मुलाचे हात साबणाने धुवा, पापे घेऊ देऊ नका.

पुढे कधी सांभाळणं जड गेलं तरी ते तळ्यात किंवा नदीत सोडू नका. हा परदेशी प्राणी आपल्या कासवांचं अन्न आणि जागा बळकावतो. आणि डोळ्यामागे लाल पट्टा नसेल, कवच चांदण्यांच्या नक्षीचं किंवा मऊ पाठीचं असेल तर ते बहुधा देशी कासव आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरी ठेवता येत नाही. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा, ते पुढचं सांगतील.

क्लिनिकला नेताना पाण्याचा टब घेऊन रिक्षात बसू नका. भोकं पाडलेला झाकणाचा डबा, तळाला ओला टॉवेल, बाहेरून शाल गुंडाळून, म्हणजे वारा लागणार नाही. सोबत तीन-चार तासांतली शी छोट्या डबीत, दाण्यांच्या पाकिटाचा पुढून-मागून फोटो, टबाचा फोटो आणि दोन दिवसांचे तापमानाचे आकडे लिहून न्या. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आजचं वजन करून तेही लिहा. पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच काट्यावर केलं की औषध लागू पडतंय का ते कळेल.